चार बरण्या आणि कांजूरमार्गची सदनिका

दिवाळीचे वहीपूजन आटोपते, लाभपंचमीला दुकानाचे कुलूप पुन्हा उघडते आणि नव्या वहीची पहिली पाने भरू लागतात. याच सुमारास व्यापारी घरांत एक विषय हमखास निघतो. काही ठेवींची मुदत संपलेली असते, मुलगा हाताशी आलेला असतो, आणि जेवणानंतर कोणीतरी म्हणते, ‘या वर्षी एखादी जागा घेऊन टाकू.’ त्या ‘घेऊन टाकू’मध्ये पुढच्या वीस वर्षांचे हप्ते दडलेले असतात, याची चर्चा मात्र बहुधा पाच मिनिटांत संपते. दुकानात दोन रुपयांच्या फरकासाठी तासभर घासाघीस करणारी माणसे दीड कोटीचा निर्णय एका आकड्यावर घेतात. तो आकडा म्हणजे सरासरी.

कांजूरमार्गचे उदाहरण यासाठी बोलके आहे. विक्रोळी आणि भांडुप यांच्यामधले हे स्थानक. पूर्वेला मिठागरे आणि कचराभूमी, पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग, आणि एकेकाळी कारखान्यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात आता उंच मनोरे. येथे जागा दाखवणारा दलाल पहिले वाक्य मेट्रोचे बोलतो. ते खोटेही नसते. शास्त्री मार्गावरून जाणारी मेट्रो ४ आणि जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावरून येणारी मेट्रो ६ या दोन्ही मार्गिका गांधीनगरच्या चौकाजवळ भेटणार आहेत. पण मेट्रो ४ चे भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झाले, आणि २०२५ च्या दिवाळीत कांजूरकर लोकलच्याच दारात उभा होता.

कारशेडची कथा याहून शिकवणारी आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये मेट्रो ३ ची कारशेड आरेतून कांजूरमार्गच्या मिठागराच्या जमिनीवर हलवण्याची घोषणा झाली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या जमिनीच्या हस्तांतराला स्थगिती दिली. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि कारशेड पुन्हा आरेत गेली. पुढे कांजूरची जागा मेट्रो ६ च्या कारशेडसाठी ठरली. ज्याने २०२० च्या दिवाळीत ‘कारशेड येते आहे’ एवढ्यावर सौदा केला, त्याच्या हिशेबाला दोन वर्षांत तीन वळणे मिळाली. यात कोणा एकाची फसवणूक नाही. भविष्य असेच येते. प्रश्न एवढाच की हिशेब करताना त्याचा एकच चेहरा समोर ठेवावा की अनेक?

अनेक चेहरे समोर ठेवण्याची एक रीत गणितात आहे. तिला सिम्युलेशन म्हणतात. मराठीत ‘अनुकरण-गणित’ किंवा सरळ ‘लुटुपुटीचा हिशेब’ म्हणता येईल. तिचा उगम मजेदार आहे. १९४६ मध्ये स्टॅनिस्लॉ उलाम हा गणिती आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडून वेळ घालवत होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढणे फार अवघड निघाले. तेव्हा त्याच्या मनात आले की शंभर डाव खेळून किती सुटले ते मोजले तर? जॉन फॉन नॉयमन यांनी ही कल्पना नव्या संगणकावर चालवण्याची आखणी केली, आणि मोनॅको संस्थानातील जुगारगृहाच्या नावावरून तिला ‘माँटे कार्लो’ हे नाव पडले. १९६४ मध्ये डेव्हिड हर्ट्झ यांनी कारखान्यातील भांडवल-गुंतवणुकीसाठी हीच रीत मांडली. तेव्हापासून मोठ्या कंपन्या ती वापरतात. घरे मात्र क्वचितच वापरतात. आणि खरी गरज घरांनाच अधिक असते, कारण कंपनी बुडाली तर भागधारकांचे भांडवल जाते, घराचा हिशेब चुकला तर पेढीची पत जाते.

द्यूत हे सप्तव्यसनांतले पहिले, त्यामुळे जुगारगृहाचे नाव लावलेली रीत घरात आणण्याचा संकोच कोणाला वाटेल. पण येथे डाव लावायचा नसतो, लागलेला डाव ओळखायचा असतो. फासेही नकोत. काचेच्या चार बरण्या आणि थोड्या चिठ्ठ्या पुरतात.

एक कल्पित घर डोळ्यांसमोर आणावे. कांजूरमार्ग पश्चिमेला दोन भावांचे हार्डवेअरचे दुकान आहे. घरखर्च जाऊन महिन्याला सरासरी ९०,००० रुपये उरतात. साठवलेले ७० लाख आहेत. बांधकाम सुरू असलेल्या मनोऱ्यात १ कोटी ६० लाखांची सदनिका घ्यायची, दोन वर्षांनी ताबा मिळाला की भाड्याने द्यायची आणि मुलाचे लग्न झाले की त्याला राहायला द्यायची, असा धाकट्या भावाचा बेत आहे.

आता वही उघडू. ७५ लाखांवरील गृहकर्जाला बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देऊ शकते, म्हणजे १ कोटी २० लाख. उरलेले ४० लाख स्वतःचे. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ९ लाख ६० हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ८ लाख. एकूण स्वतःचे ५७ लाख ९० हजार गेले. गंगाजळीत उरले १२ लाख १० हजार. (घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. ही सवलत विसरणारी घरे थोडी नाहीत.)

व्यावसायिकाला ८.५ टक्के दराने वीस वर्षांसाठी कर्ज मिळाले असे धरले, तर हप्ता १,०४,१३९ रुपये होतो. तिसऱ्या वर्षापासून पूर्ण हप्ता सुरू झाला आणि देखभाल व मालमत्ता कर वजा जाता ३२,००० रुपये भाडे हाती आले, तर ९०,००० अधिक ३२,००० वजा १,०४,१३९, म्हणजे महिन्याला १७,८६१ रुपये शिल्लक. आयकर सोपेपणासाठी बाजूला ठेवला आहे. दोन वर्षांत ही शिल्लक ४ लाख २९ हजारांच्या घरात जाते. गंगाजळी धरून उशी १६ लाख ३९ हजारांची. धाकट्या भावाचे म्हणणे खरे ठरते: सरासरीने पाहिले तर बेत चालतो.

वडीलबंधू मात्र विचारतात, ‘आणि नाही चालला तर?’ या प्रश्नाला घरात बहुधा उत्तर मिळत नाही; विचारणाराच भित्रा ठरतो. बरण्यांचे काम येथे सुरू होते.

बिघडू शकणाऱ्या तीन गोष्टी घेऊ आणि त्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात काय करतील ते मोजू. पहिली, ताबा दोन वर्षे लांबला. भाडे नाही, म्हणून ७ लाख ६८ हजारांचा खड्डा. दुसरी, व्याजदर दीड टक्क्याने वाढला. हप्ता १,१५,८०३ होतो आणि दोन वर्षांत २ लाख ८० हजार जादा जातात. तिसरी, दुकान मंदावले. महिन्याची शिल्लक २०,००० ने घटली, म्हणजे ४ लाख ८० हजार, आणि वर ३ लाख २० हजार उधारीत अडकले. एकूण ८ लाख.

यांपैकी कोणतीही एक आपत्ती आली तरी उशी पुरते. कोणत्याही दोन एकत्र आल्या तरी पुरते, जरी ताबा आणि दुकान एकाच वेळी अडले तर हाती जेमतेम ७१ हजार राहतात. तिन्ही एकत्र आल्या तर मात्र २ लाख ९ हजार कमी पडतात. रक्कम लहान दिसते. पण मंदीच्या दिवसांत, उधारी अडकलेली असताना, नागदेवीच्या घाऊक व्यापाऱ्याचे देणे थांबवून हप्ता भरायचा की हप्ता थांबवून देणे भागवायचे, असा तो प्रश्न असतो. तीस वर्षांत कमावलेला शब्द दोन लाखांसाठी मोडतो. मग सोने गहाण पडते, नाहीतर दुकान.

तिन्ही एकत्र येण्याची शक्यता किती? प्रत्येक आपत्तीची शक्यता तिनात एक धरू. तीन बरण्या, प्रत्येकीत सहा चिठ्ठ्या, त्यांतल्या दोन वाईट. प्रत्येक बरणीतून एक चिठ्ठी काढायची, निकाल वहीत लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची. असे करत राहिले तर तिन्ही वाईट चिठ्ठ्या सरासरी २७ वेळांत एकदा निघतील. सत्तावीसात एक! धाकटा भाऊ म्हणेल की एवढा धोका तर रस्ता ओलांडतानाही असतो.

चूक येथेच आहे, आणि संगणकावर मोठमोठे तक्ते मांडणारेही ती करतात. या तीन बरण्या एकमेकींपासून अलिप्त नाहीत. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी, मे २०१७ मध्ये रेरा, जुलै २०१७ मध्ये जीएसटी आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आयएलअँडएफएसची थकबाकी उघडकीस आल्यानंतर वित्तसंस्थांचा आटलेला पैसा, हे सारे दोन वर्षांच्या आत आले. ज्या काळात विकासकाला कर्ज मिळेना, त्याच काळात दुकानदाराची उधारीही अडली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने दुकान आणि बांधकाम एकाच दिवशी थांबवले. हार्डवेअरच्या दुकानाला तर हा संबंध अधिकच लागू होतो, कारण त्याचे गिऱ्हाईकच बांधकामावर जगते. इमारती थांबल्या की बिजागऱ्या आणि कड्या विकल्या जात नाहीत.

म्हणून चौथी बरणी आणावी. तिचे नाव ‘काळ’. तिच्यात दोन चिठ्ठ्या मंदीच्या, चार बऱ्या काळाच्या. आधी तिच्यातून चिठ्ठी काढायची. मंदी निघाली तर उरलेल्या तिन्ही बरण्यांत सहापैकी चार चिठ्ठ्या वाईट ठेवायच्या. बरा काळ निघाला तर एकच. गंमत अशी की या मांडणीतही प्रत्येक आपत्तीची एकूण शक्यता तिनात एकच राहते. वाटल्यास हिशेब करून पाहावा. पण तिन्ही एकत्र येण्याची शक्यता आता ३२४ वेळांत ३३ होते, म्हणजे जवळजवळ दहात एक. सत्तावीसात एक आणि दहात एक यांतला फरक केवळ एका बरणीने केला.

याच मांडणीत आणखी एक आकडा लपलेला आहे. एकही आपत्ती न येण्याची शक्यताही वाढते: अलिप्त बरण्यांत ती २७ पैकी ८ होती, म्हणजे सुमारे तीस टक्के, जोडलेल्या बरण्यांत ३२४ पैकी १२९, म्हणजे सुमारे चाळीस टक्के. नातेवाइकांत ‘आम्ही घेतले आणि सगळे सुरळीत झाले’ अशा गोष्टी भरपूर ऐकू येतात त्या यामुळे. त्या गोष्टी खऱ्या असतात. ज्या घरात सोने गहाण पडले, ते घर मात्र लग्नाच्या पंगतीत तो विषय काढत नाही.

चिठ्ठ्यांचे प्रमाण हे मोजमाप नसून मत आहे, हे येथे सांगितले पाहिजे. २०२० मध्ये मंदी आली तेव्हा रेपो दर उलट ४ टक्क्यांवर उतरला. म्हणजे व्याजाची बरणी दर वेळी मंदीच्या मागे जाते असे नाही. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत तोच दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर चढला. २०२५ मध्ये तो पुन्हा उतरू लागला. तिनात एक ऐवजी चारात एक कोणी धरील, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. शहाणा माणूस दोन्ही धरून पाहतो. हिशेब ‘अमुक होईल’ असे सांगत नाही; ‘एका अपेक्षेने असे, दुसऱ्या अपेक्षेने तसे’ एवढेच सांगतो. भारतीय संख्याशास्त्राचे प्रणेते प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये स्याद्वाद आणि संभाव्यता यांच्या नात्यावर एक निबंध लिहिला होता. सप्तभंगीत आधुनिक संभाव्यतेच्या कल्पनेला जवळचे काही त्यांना दिसले. ‘स्यात्’ हा शब्द लहानपणापासून कानी पडलेल्या घरांना चार बरण्या परक्या वाटू नयेत.

व्याजाच्या बरणीबद्दल थोडे अधिक. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाहेरच्या मापदंडाशी, बहुधा रेपो दराशी, बांधलेली आहेत. त्यामुळे दराची हालचाल आता महिन्या-तिमाहीत कर्जदाराच्या दारी येते. ७ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतलेल्या एक कोटीच्या कर्जाचा हप्ता ७७,५३० रुपये असतो. दर ९.५ टक्के झाला तर त्याच कोटीचे नुसते व्याज महिन्याला ७९,१६७ रुपये होते. म्हणजे हप्ता तोच ठेवला तर मुद्दल फिटण्याऐवजी वाढेल! अनेकांना त्या काळात बँकेकडून केवळ मुदत वाढल्याचे कळले, किंवा तेही कळले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, ही निवड कर्जदाराला द्यावी, स्थिर दराकडे जाण्याचा पर्याय द्यावा, आणि हप्ता निदान व्याजाइतका तरी असावा.

ताब्याच्या बरणीत किती वाईट चिठ्ठ्या घालायच्या, यासाठी दलालाला विचारू नये. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाची आधी जाहीर केलेली आणि नंतर सुधारलेली पूर्णत्वाची तारीख दिसते. त्याच विकासकाचे जुने प्रकल्प उघडून दोन तारखांतले अंतर लिहून काढावे; त्याच खऱ्या चिठ्ठ्या. विलंब झाला तर कायद्याने व्याज मिळते, स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर दोन टक्के. पण ते मागून, भांडून मिळते. मंदीतल्या महिन्याचा हप्ता त्यातून भरता येत नाही, म्हणून ते गंगाजळीत धरू नये. जागेची भाववाढही या हिशेबात धरू नये. मेट्रोमुळे भाव वाढेल, कदाचित बराच वाढेल. पण हप्ता भरायला भिंतीतली वीट काढून देता येत नाही. भाववाढ हा विकण्याच्या दिवसाचा प्रश्न आहे. बरण्यांचा प्रश्न तोवर टिकण्याचा आहे.

दुकानाच्या बरणीसाठी तर सर्वांत चांगले साहित्य घरातच असते. गेल्या साठ महिन्यांची रोजकीर्द आणि खतावणी काढावी, दर महिन्याची खरी शिल्लक एकेका चिठ्ठीवर लिहावी. सरासरी ९०,००० असली तरी त्या साठांतल्या काही चिठ्ठ्यांवर तीस हजार असतील आणि एखादीवर उणे आकडा. मुलांना हे काम द्यावे. दोन रविवार जातील, आणि दुकान काय असते हे त्यांना कोणत्याही वर्गापेक्षा नीट कळेल. संगणकाची सवय असलेला मुलगा एक्सेलमध्ये ‘रँडबिटवीन’ लिहून हजार वेळा चिठ्ठ्या काढून देईल. तरी पहिल्या वीस हातानेच काढाव्यात. ‘मंदी, वाईट, वाईट, वाईट’ अशी ओळ स्वतःच्या हाताने वहीत लिहिताना घर जसे गप्प होते, तसे पडद्यावरच्या आकड्याने होत नाही.

आता त्याच दोन भावांपुढे दुसरा पर्याय ठेवू. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली, जवळच्याच इमारतीतली सदनिका १ कोटी ७० लाखांना मिळते आहे. धाकट्याचा पहिला आक्षेप: दहा लाख महाग. वही काय म्हणते? तयार घरावर जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क १० लाख २० हजार, नोंदणी ३० हजार. एकूण १ कोटी ८० लाख ५० हजार. बांधकामातली सदनिका सर्व धरून १ कोटी ७७ लाख ९० हजारांना पडत होती. खरा फरक २ लाख ६० हजारांचा.

कर्ज १ कोटी २७ लाख ५० हजार, स्वतःचे ५३ लाख, गंगाजळी १७ लाख. हप्ता १,१०,६४८, भाडे ३४,००० धरले तर महिन्याची शिल्लक १३,३५२. सरासरीच्या तराजूत हा पर्याय हलका दिसतो, कारण शिल्लक कमी आहे, आणि बांधकामातल्या घरात पहिली दोन वर्षे बँक टप्प्याटप्प्याने रक्कम देत असल्याने व्याजही कमी जाते. पण येथे ताब्याची बरणीच नाहीशी झाली. भाडे पहिल्या काही महिन्यांतच सुरू होते. दोन वर्षांची उशी २० लाख २० हजार. त्यातून वाढलेल्या व्याजाचे २ लाख ९७ हजार आणि मंदावलेल्या दुकानाचे ८ लाख एकाच वेळी गेले तरी ९ लाख २३ हजार शिल्लक राहतात. नागदेवीचे देणे वेळेवर जाते.

तिसरा पर्याय बांधकामातल्याच, पण १ कोटी ३० लाखांच्या लहान सदनिकेचा. स्वतःचे ४७ लाख १० हजार, गंगाजळी २२ लाख ९० हजार, हप्ता ८४,६१३. भाडे २६,००० धरून तिन्ही आपत्ती एकत्र आणल्या, तरी दोन वर्षांअखेर सुमारे १३ लाख ९० हजार हाती राहतात. तीस लाखांनी लहान घर, आणि ज्या चिठ्ठ्यांनी पहिला बेत मोडला त्याच चिठ्ठ्यांत हा बेत आरामात उभा. मुलाच्या लग्नानंतर ते घर पुरेल का, हा प्रश्न मात्र बरणीत मावत नाही. तो घरातल्या स्त्रियांना विचारावा. त्यांचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते.

वडीलबंधूंना यात ‘घेऊ नये’ असे उत्तर मिळाले नाही आणि धाकट्याला ‘घ्यावे’ असेही नाही. दोघे आता एकाच वहीवर बोलतात, एवढा बदल झाला. एक म्हणतो मंदीच्या चिठ्ठ्या दोन नव्हे, तीन ठेवू. दुसरा म्हणतो ठेव. आणि तयार घराचा बेत तीन चिठ्ठ्यांतही टिकतो हे दाखवतो. मग बोलणे भाड्याच्या आकड्यावर येते. ३४,००० खरेच मिळतील का, हे पाहायला रविवारी सकाळी दोघे त्या इमारतीच्या रखवालदाराशी आणि तिथल्या दोन भाडेकरूंशी बोलायला जातात.

ज्यांनी आधीच बांधकामातले घर घेतले आहे त्यांनाही बरण्या मांडता येतात. त्यांची किंमत ठरून गेली. गंगाजळी मात्र अजून हातात आहे. बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडण्यावर व्यक्तीला दंड नाही, म्हणून हाती आलेले चार-पाच लाख लगेच बँकेत भरून व्याज वाचवण्याचा मोह होतो. ताबा मिळून पहिले भाडे येईपर्यंत ते भरू नयेत. मुदत ठेवीत थोडे कमी व्याज मिळेल. तो दोन वर्षांचा फरक काही हजारांचा असतो, आणि बरणीतली वाईट ओळ निघाली तर हेच चार-पाच लाख कामाला येतात.